विश्लेषण : टाकळ्याच्या नावाचा निकाल लागायला दोनशे वर्षे का लागली? नामकरणाचा जनक लिनियस आणि त्याने मागे ठेवलेला घोळ

पाऊस सुरू होऊन आठ-पंधरा दिवस झाले की रस्त्याच्या कडेला, माळावर, पडीक जागेत टाकळा उगवतो. पाला कोवळा असतानाच खुडायचा आणि लसूण-मिरचीवर परतायचा, हे कोकणात काय किंवा घाटावर काय, कोणाला सांगावे लागत नाही. पुढे त्याला पिवळी फुले येतात, मग बारीक लांब शेंगा. आयुर्वेदात हाच चक्रमर्द. दाद-गजकर्णावरच्या पारंपरिक औषधांत त्याचे बी वापरतात. वनस्पतिशास्त्रात मात्र त्याची ओळख सेन्ना टोरा अशी आहे.

या नावातला टोरा हा शब्द शास्त्रीय दप्तरात नोंदवला गेला तो १७५३ मध्ये, स्वीडनमधल्या एका प्राध्यापकाच्या ग्रंथात. हा प्राध्यापक आशियात कधीच आला नव्हता. त्याच ग्रंथात त्याने टाकळ्याशी हुबेहूब मिळत्याजुळत्या दुसऱ्या एका झुडपालाही वेगळे नाव दिले. पण कोणते नाव नेमक्या कोणत्या झुडपाचे, हे पुढच्या पिढ्यांना सहज कळेल अशी खूण त्याने ठेवली नाही. ती खूण शोधून निकाल लावायला १९५८ साल उजाडले. प्राध्यापकाचे नाव कार्ल लिनियस.

लिनियस कोण होता?

दक्षिण स्वीडनच्या स्मोलंड प्रांतातल्या रोशुल्ट या खेड्यात २३ मे १७०७ रोजी त्याचा जन्म झाला. वडील नील्स हे चर्चमधले धर्मोपदेशक, आणि बागेचे वेडे. त्या काळी स्वीडनच्या ग्रामीण भागात आडनाव नसे. बापाचे नाव पुढे लावले की काम भागत असे. नील्स विद्यापीठात गेले तेव्हा आडनाव लिहावे लागले. घराण्याच्या जमिनीत लिंडनचे एक जुने मोठे झाड होते. त्यावरून त्यांनी लिनियस हे आडनाव घेतले. जगातल्या झाडांना नावे देणाऱ्याचे आडनावच झाडावरून आलेले, हा योगायोग चरित्रकारांना फार आवडतो. तो खरा आहे, म्हणून इथेही सांगितला.

मुलाने धर्मोपदेशक व्हावे ही घरची इच्छा होती. वेक्शो गावच्या शाळेतल्या शिक्षकांनी मात्र हा मुलगा त्या कामाचा नाही असे कळवून टाकले. योहान रोथमन या डॉक्टर-शिक्षकाने त्याला सावरले आणि वैद्यक व वनस्पतिशास्त्राकडे वळवले. त्या काळात औषध म्हणजे मुख्यतः झाडपाला. त्यामुळे डॉक्टर व्हायचे तर झाडे ओळखता यायलाच हवीत. १७२७ मध्ये लुंड आणि दुसऱ्याच वर्षी उप्साला, असा विद्यापीठाचा प्रवास झाला. उप्सालात खिशात पैसे नव्हते. ओलोफ सेल्सियस या विद्वानाने त्याला घरी आसरा दिला.

१७३२ मध्ये तो एकटाच लॅपलंडच्या मोहिमेवर गेला. मे ते ऑक्टोबर असे पाच महिने. तिथले एक नाजूक, जोडीने फुलणारे गुलाबी रानफूल त्याचे आवडते. पुढे त्या फुलाला त्याच्याच नावावरून लिनिया बोरियालिस म्हणू लागले.

दोन शब्दांचे नाव कसे आले?

१७३५ मध्ये लिनियस हॉलंडला गेला. कारण साधे होते, स्वीडनमधल्या डॉक्टरांना पदवी बाहेरून आणावी लागे. हार्डरवाइक या छोट्या विद्यापीठाने त्याला काही दिवसांतच डॉक्टर करून टाकले. त्याचा प्रबंध हिवतापाच्या कारणांवर होता आणि त्यात दोष चिकणमातीला दिला होता. पदवी मिळाली, निष्कर्ष चुकला.

त्याच वर्षी ‘सिस्टेमा नॅचुरी’ प्रसिद्ध झाले. मोठ्या आकाराची जेमतेम डझनभर पाने, पण त्यात खनिजे, वनस्पती आणि प्राणी असा सगळा निसर्ग खणाखणांत बसवलेला. वनस्पतींचे वर्ग त्याने फुलातल्या पुंकेसरांची संख्या मोजून पाडले. फुलाला वधू-वरांची भाषा लावल्यामुळे काही सोवळ्या विद्वानांना ते अश्लील वाटले. योहान झीगेसबेक याने सर्वांत जास्त आरडाओरड केली. एका चिकट, सामान्य तणाला आज झीगेसबेकिया म्हणतात, त्यामागे लिनियसच आहे. माणूस मोठा होता, पण डूख धरण्यातही कमी नव्हता.

हॉलंडमध्ये त्याला जॉर्ज क्लिफर्ड हा धनाढ्य आश्रयदाता मिळाला. डच ईस्ट इंडिया कंपनीशी संबंध असल्याने क्लिफर्डच्या हार्टेकाम्प येथील बागेत जगभरची झाडे येत. लिनियसने त्या बागेची सूची केली. तिथे केळीला फूल आणून दाखवले, तेव्हा युरोपात ते नवलच होते. याच मुक्कामात, १७३६ मध्ये, तो इंग्लंडला जाऊन ऑक्सफर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ योहान डिलेनियस यांनाही भेटला. डिलेनियस यांचे नाव लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

१७३८ मध्ये स्वीडनला परतल्यावर काही काळ स्टॉकहोममध्ये डॉक्टरकी, १७३९ मध्ये सारा लिसाशी लग्न आणि १७४१ मध्ये उप्सालात प्राध्यापकपद. तिथून पुढे तो उप्सालाचाच झाला. शनिवारी शंभर-दीडशे विद्यार्थ्यांना घेऊन रानात जायचे आणि संध्याकाळी वाजतगाजत परतायचे, असा त्याचा क्रम असे. त्याचे विद्यार्थी पुढे जगभर गेले. काही परत आलेच नाहीत. पेहर फोर्सकोल येमेनमध्ये तापाने गेला. योहान केनिग हा विद्यार्थी तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी या डॅनिश वसाहतीत येऊन राहिला आणि तिथून झाडे पाठवत राहिला.

लिनियसच्या आधी झाडाचे नाव म्हणजे एक वाक्यच असे. पान कसे, फूल कसे, खोड कसे, हे सगळे लॅटिनमध्ये एका दमात म्हणायचे. नवीन झाड सापडले की जुन्या नावात आणखी दोन शब्द घालावे लागत. १७५३ मध्ये त्याने ‘स्पेसीज प्लँटारम’ हा दोन खंडांचा ग्रंथ काढला. त्यात सुमारे ६,००० वनस्पती होत्या. प्रत्येकीचे लांबलचक वाक्य त्याने दिलेच, पण समासात एक सुटा शब्दही छापला. कुळाचे नाव आणि हा सुटा शब्द मिळून दोन शब्दांचे नाव झाले. त्याच्या दृष्टीने ती केवळ सोय होती. जगाने ती सोयच उचलली आणि वाक्ये सोडून दिली. आज वनस्पतींच्या शास्त्रीय नामकरणाचा प्रारंभ याच ग्रंथापासून धरतात.

मग घोळ कुठे झाला?

लिनियसला नावे देण्याची घाई होती. हजारो वनस्पती आणि माणूस एक. अनेक झाडे त्याने जिवंत पाहिलीच नव्हती. कुठे सुकवलेली फांदी होती, कुठे दुसऱ्याच्या ग्रंथातले चित्र, तर कुठे केवळ वर्णन. एका नावाखाली तो असे चार-पाच आधार देई. त्यातला एक आधार एका झाडाचा आणि दुसरा भलत्याच झाडाचा, असेही अनेकदा घडले.

समजा एका नावाखाली दिलेली तीन चित्रे तीन वेगळ्या झाडांची निघाली, तर ते नाव कोणाचे? लिनियसच्या पद्धतीत याचे उत्तर नव्हते. त्याच्यासाठी नाव वर्णनाचे असे, एखाद्या विशिष्ट नमुन्याचे नव्हे. पुढे दीडशे वर्षे वनस्पतिशास्त्रज्ञ आपापल्या समजुतीने नावे वापरत राहिले आणि एकाच नावाने दोन देशांत दोन झाडे ओळखली जाऊ लागली.

‘टाइप’ म्हणजे काय?

यावर शोधलेला उपाय म्हणजे टाइप. मराठी परिभाषेत त्याला प्ररूप म्हणतात. वनस्पतीच्या प्रत्येक नावासाठी एकच नमुना ठरवायचा, बहुतेक वेळा कागदावर चिकटवलेली सुकी फांदी. नाव त्या नमुन्याला कायमचे बांधलेले. पुढे जातीची व्याख्या बदलली, दोनाच्या चार जाती झाल्या किंवा चाराची एक झाली, तरी तो नमुना ज्या जातीत बसेल तिकडे नाव जाते.

इथे एक गैरसमज सर्रास होतो. टाइप म्हणजे त्या जातीचा सर्वांत उत्तम, आदर्श नमुना नव्हे. तो किडका असू शकतो, त्याला फूल नसू शकते, पाने गळालेली असू शकतात. त्याचे काम खुंटीचे. खुंटी देखणी असण्याची गरज नाही, ती हलता कामा नये इतकेच.

१९३० मध्ये केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने ही पद्धत नियमांत आणली. १ जानेवारी १९५८ पासून नवीन जातीचे नाव टाइप न सांगता प्रसिद्ध केले तर ते ग्राह्यच धरले जात नाही. पण जुन्या नावांचे काय? त्यांच्यासाठी मूळ लेखकाने नाव देताना जे नमुने किंवा जी चित्रे वापरली, त्यांतून एक निवडायचे. असा मागाहून निवडलेला नमुना म्हणजे लेक्टोटाइप. मूळ साहित्य काहीच शिल्लक नसेल तर नवा नमुना नेमता येतो, तो निओटाइप. निवड एकदा छापून जाहीर झाली की मागून येणाऱ्याला ती मानावी लागते. ती मूळ वर्णनाशी विसंगत असल्याचे दाखवता आले, तर गोष्ट वेगळी.

म्हणजे प्रश्न वनस्पतिशास्त्राचा कमी आणि दप्तर तपासण्याचा जास्त. लिनियसने १७५३ पूर्वी नेमके काय पाहिले होते? त्यासाठी त्याची कपाटे उघडावी लागतात. आणि ती कपाटे स्वीडनमध्ये नाहीत.

लिनियसचे नमुने लंडनला कसे गेले?

त्या काळी सुकवलेल्या वनस्पती जाडजूड वहीत चिकटवून बांधून ठेवत. लिनियसने कागद सुटे ठेवले. एका कागदावर एकच वनस्पती, आणि कागद अरुंद, उंच कपाटात कुळांप्रमाणे रचलेले. वर्गवारी बदलली की कागद उचलून दुसरीकडे ठेवता येई. आज जगातली सगळी हर्बेरियम हीच पद्धत पाळतात. अभ्यासकांना मात्र या सोयीने रडवले आहे. चांगला नमुना मिळाला की लिनियस जुना काढून टाकी. १७५३ नंतर आलेले नमुनेही त्याच गठ्ठ्यात जात. नमुना कुठून आला, कधी आला, हे बहुतेक कागदांवर नाही. त्यामुळे त्याच्याच कपाटातला, त्याच्याच हस्ताक्षराचा कागदही नाव देताना त्याच्यासमोर होताच असे म्हणता येत नाही. काही कागदांवर त्याने ग्रंथातला क्रमांक लिहिला आहे, तेवढाच भरवशाचा आधार.

१७६६ मध्ये उप्सालात मोठी आग लागली. संग्रह जळेल या धास्तीने लिनियसने शहराबाहेर हामार्बी येथील आपल्या शेतावर, टेकडीवर, दगडी इमारत बांधली. आगीची भीती म्हणून आत शेकोटी नाही. परिणामी ओल आणि बुरशी.

१७७४ नंतर त्याला पक्षाघाताचे झटके आले. शेवटी शेवटी स्मृती इतकी गेली की स्वतःची पुस्तकेही ओळखेनात असे सांगतात. १० जानेवारी १७७८ रोजी तो वारला. संग्रह मुलाकडे गेला. त्याचेही नाव कार्लच. मुलाने बुरशी आणि किड्यांपासून कागद वाचवले, पण १७८३ मध्ये तोही अचानक गेला.

सारा लिसाला मुलींची सोय लावायची होती. संग्रह विकण्याबाबतचे पत्र लंडनच्या जोसेफ बँक्सकडे आले. बँक्स त्या दिवशी न्याहारीला बसला होता. त्याने नकार दिला आणि समोर बसलेल्या जेम्स एडवर्ड स्मिथ या चोवीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला, तूच घे, असे सुचवले. स्मिथने नॉर्विचच्या लोकरीच्या व्यापारी वडिलांना गळ घातली आणि सौदा हजार गिनींच्या आसपास ठरला. १७८४ मध्ये २६ पेट्या जहाजाने लंडनला आल्या. सुमारे १४,००० वनस्पती, हजारो कीटक आणि शिंपले, सुमारे ३,००० पत्रे, १,६०० पुस्तके. स्वीडनच्या राजाने जहाजामागे युद्धनौका पाठवली होती, ही कथा अजून सांगितली जाते. ती कथाच आहे. पण हा ठेवा देशाबाहेर गेल्याची खंत स्वीडनला आहे, हे खरे.

१७८८ मध्ये स्मिथने लंडनमध्ये लिनियन सोसायटी स्थापन केली. त्याच्या मृत्यूनंतर सोसायटीने हा संग्रह त्याच्या पत्नीकडून विकत घेतला आणि त्याचे कर्ज फेडता फेडता १८६१ साल आले. आज हे कागद पिकॅडिलीतल्या बर्लिंग्टन हाउसच्या तळघरात, तिजोरीसारख्या खोलीत आहेत.

सगळे नमुने मात्र या खोलीत नाहीत. लॅपलंडचे बरेच कागद अॅमस्टरडॅममार्गे पॅरिसला गेले. क्लिफर्डच्या बागेतले नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. टाकळ्याची खुंटीही याच म्युझियममध्ये सापडली.

टाकळ्याचा निकाल कसा लागला?

पाउल हेर्मान हा जर्मन डॉक्टर. डच कंपनीच्या नोकरीत तो १६७२ पासून काही वर्षे सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत होता. कोलंबोच्या आसपासच्या वनस्पती त्याने सुकवून वह्यांत चिकटवल्या आणि स्थानिक नावे लिहून घेतली. १६९५ मध्ये तो वारला आणि वह्या दृष्टीआड झाल्या. सुमारे पन्नास वर्षांनी त्या डेन्मार्कमधल्या एका औषधी व्यावसायिकाकडे सापडल्या आणि त्याने त्या ओळखीसाठी लिनियसकडे पाठवल्या. लिनियसने पानापानांवर क्रमांक घातले आणि १७४७ मध्ये ‘फ्लोरा झेलॅनिका’ हे पुस्तक काढले. वह्या मालकाला परत गेल्या. अनेक हातांतून फिरत त्या बँक्सकडे आणि तिथून म्युझियममध्ये आल्या.

त्या पुस्तकात १५२ क्रमांकाची वनस्पती आहे. सहा वर्षांनी ‘स्पेसीज प्लँटारम’मध्ये तिलाच लिनियसने कॅसिया टोरा हे नाव दिले. टोरा हा सिंहली शब्द; श्रीलंकेत टाकळ्याला आजही पेति-तोरा म्हणतात. त्याच ग्रंथात लगेच जवळ कॅसिया ऑब्टुसिफोलिया आहे, अमेरिकेकडची. तिच्यासाठी त्याने डिलेनियस यांच्या १७३२ च्या ग्रंथातले, इंग्लंडमधल्या एल्टमच्या बागेत वाढवलेल्या झाडाचे चित्र आधाराला घेतले.

दोन्ही झुडपे कमरेएवढी, दोघांची पाने तीन जोड्यांची, दोघांची फुले पिवळी, शेंगा कोयत्यासारख्या वाकड्या. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बेंथॅमसारख्या मातब्बराने दोन्ही एकच असल्याचे ठरवले आणि कॅसिया टोरा हे नाव दोघांना लागू केले. बेंथॅमचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. मग अमेरिकेतल्या शेतातले तणही टोरा, आफ्रिकेतलेही टोरा आणि आपल्या माळावरचेही टोरा.

केव येथील वनस्पतिशास्त्रज्ञ जे. पी. एम. ब्रेनन आफ्रिकेतल्या कॅसियांचा अभ्यास करत होते. त्यांना दिसले की फरक बारीक आहेत, पण पक्के आहेत. टोराच्या पानाच्या दांड्यावर खालच्या दोन जोड्यांपाशी एकेक, अशा दोन ग्रंथी असतात. ऑब्टुसिफोलियाला सर्वांत खालच्या जोडीपाशी एकच. टोराच्या फुला-शेंगांचा देठ आखूड, दुसरीचा चांगला लांब. बी पाहिले तर बाजूचा फिकट पट्टा टोरात रुंद आणि दुसरीत अगदी अरुंद रेघेसारखा.

दोन जाती आहेत हे सिद्ध करणे निम्मे काम. कोणते नाव कोणाला द्यायचे, हे फरक मोजून ठरत नाही. त्यासाठी ब्रेनन यांनी १९५८ मध्ये दोन खुंट्या ठोकल्या. कॅसिया टोराचा लेक्टोटाइप म्हणून हेर्मानच्या दुसऱ्या वहीतला १५२ क्रमांकाचा नमुना आणि ऑब्टुसिफोलियासाठी डिलेनियस यांचे ते चित्र. हेर्मानचा नमुना रुंद पट्ट्याच्या, आखूड देठाच्या आशियाई झुडपाचा. त्यामुळे टोरा हे नाव त्याच्याकडे राहिले आणि अमेरिकेतल्या तणाला त्याचे स्वतःचे जुने नाव परत मिळाले. पुढे कॅसिया हे मोठे कुळ फोडले गेले आणि दोघी सेन्ना झाल्या. कुळ बदलले तरी खुंट्या जागच्या हलल्या नाहीत.

इतक्या बारीक गोष्टीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटू शकते. पण तणनाशकाची चाचणी एका जातीवर आणि फवारणी दुसरीवर असे झाले तर शेतकऱ्याचे पैसे जातात. चिनी औषधकोशात बियांसाठी या दोन्ही जाती नावानिशी नोंदलेल्या आहेत. २०२० मध्ये सेन्ना टोराचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. तिच्या बियांतली औषधी रसायने कशी बनतात, याचा शोध त्यात आहे. झाड ओळखण्यात चूक झाली तर असे निष्कर्ष भलत्याच वनस्पतीच्या खात्यावर जमा होतात. भारतात दोन्ही जाती आढळतात. म्हणून आपल्याकडच्या जुन्या नोंदींतला टोरा पाहताना देठ आणि बी तपासलेले बरे.

टाइप बदलता येतो का?

सहसा नाही, पण परिषदेने ठरवले तर येतो. याचा फटका आपल्या बाभळीला बसला. अकेशिया या कुळनावाचा टाइप आपल्या बाभळीच्या जातीचा होता. ऑस्ट्रेलियात मात्र याच नावाच्या शेकडो जाती. कुळ फोडायची वेळ आली तेव्हा मूळ टाइपप्रमाणे नाव बाभळीकडे राहिले असते आणि ऑस्ट्रेलियाला सगळी नावे बदलावी लागली असती. २००५ च्या व्हिएन्ना परिषदेने टाइपच बदलून ऑस्ट्रेलियन जातीचा केला. आफ्रिकेतले अनेक शास्त्रज्ञ संतापले. २०११ मध्ये मेलबर्नला पुन्हा वाद झाला, निर्णय कायम राहिला आणि बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका झाली. संख्या आणि सोय यांच्यापुढे नियम वाकला, असे म्हणायला इथे जागा आहे.

लिनियसची सगळी नावे तपासून झाली का?

१९८१ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये त्यासाठी खास प्रकल्प सुरू झाला. चार्ली जार्व्हिस यांच्या नेतृत्वाखाली लिनियसने दिलेली ९,००० हून अधिक वनस्पतिनामे एकेक करून तपासली गेली. कागद, चित्रे, पत्रे आणि शाईतले क्रमांक जुळवत हे काम चालले. त्याचा हजार पानांचा ग्रंथ २००७ मध्ये, लिनियसच्या त्रिशताब्दी वर्षात आला.

या नावांतली कित्येक कोणत्याही सुक्या फांदीवर नव्हे, तर ‘हॉर्टस मलबारिकस’ या सतराव्या शतकातल्या डच ग्रंथाच्या चित्रांवर टांगलेली आहेत. कोचीत तयार झालेल्या या बारा खंडांत टाकळाही आहे, तगेरा या नावाने. हा ग्रंथ रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोकणी वैद्यांच्या आणि इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याच्या माहितीवर उभा राहिला. पहिल्या खंडात तिन्ही कोकणी वैद्यांचे देवनागरीतले प्रमाणपत्र छापलेले आहे, ही बाब मराठी वाचकाने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. लिनियसच्या नावांच्या इतिहासात या वैद्यांचा उल्लेख आता कुठे होऊ लागला आहे.

आणि माणसाचा टाइप कोण?

होमो सेपियन्स हे नावही लिनियसचेच, १७५८ मधले. इतर प्राण्यांची लक्षणे लिहिणाऱ्या लिनियसने माणसापुढे फक्त स्वतःला ओळखण्याचा सल्ला लिहिला आणि नमुना नेमला नाही. १९५९ मध्ये इंग्लंडमधील विल्यम स्टर्न यांनी ही उणीव भरून काढली. लिनियसने सर्वांत जास्त पाहिलेला माणूस म्हणजे तो स्वतःच, म्हणून आपल्या जातीचा टाइप तोच असे त्यांनी लिहिले. नंतर अमेरिकेतल्या एडवर्ड कोप या शास्त्रज्ञाच्या कवटीसाठी हा मान मिळवण्याचा प्रयत्न झाला, पण कोपचा जन्म लिनियसच्या मृत्यूनंतरचा आणि स्टर्न यांची निवड आधीची. त्यामुळे तो टिकला नाही. आपल्या जातीचा टाइप नमुना आज उप्सालाच्या कॅथेड्रलमध्ये फरशीखाली आहे.

टाकळ्याचा टाइप पाहायला मात्र आता लंडनला जावे लागत नाही. हेर्मानच्या वह्यांची पाने म्युझियमने छायाचित्रे काढून खुली केली आहेत. दुसऱ्या वहीत १५२ हा आकडा शोधावा. साडेतीनशे वर्षांपूर्वी श्रीलंकेत खुडलेली, तपकिरी पडलेली फांदी फोनच्या पडद्यावर मोठी करून पाहता येते, आणि शेजारी माळावरचा टाकळा ठेवला तर पानांच्या तीन जोड्या लगेच जुळतात.